अनोळखी माणसाला मदत करावीशी वाटते, पण पहिलं वाक्य सुचत नाही. तुम्ही काय म्हणता?

लेडीज_मिडल

नमस्कार. प्रश्न साधा आहे, पण गेले पंधरा दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मी डोंबिवलीला राहते, फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. बावीस वर्षं हाच रस्ता. दोन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, संध्याकाळी सीएसएमटीहून फास्ट लोकल पकडली. मला चौथी सीट मिळाली होती, म्हणजे अर्धं अंग सीटवर आणि अर्धं बाहेर. भायखळ्याला एक मुलगी चढली, वीस-बावीस वर्षांची असेल. सॅक पुढे घेतलेली, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. दाराजवळच्या दांड्याला टेकून उभी राहिली. दादर यायच्या आत तिला फोन आला. ‘हो.’ ‘कधी?’ ‘हो.’ एवढंच बोलली. मग फोन खाली घेतला आणि स्क्रीन विझली तरी त्याच्याकडेच बघत राहिली. आवाज न करता रडायला लागली. हनुवटीवरून थेंब आयकार्डाच्या प्लॅस्टिकवर पडत होते, आणि ती दर वेळी ते कार्डच पुसत होती, डोळे नाही.

आमच्या डब्यात कुणी रडताना दिसलं की सगळ्याजणी मोबाईलमध्ये बघतात. बाहेरच्याला हा निष्ठुरपणा वाटेल. तो तसा नाही. जिथे दुसरीचा श्वास आपल्या मानेवर येतो तिथे कुणाला जरा एकांत द्यायचा तर नजर वळवणं एवढंच हातात असतं. मीही नजर वळवली. पण मनात वाक्यं जुळवत होते. ‘काय झालं गं?’ म्हणावं, तर तिला सगळ्या डब्यासमोर सांगावं लागेल. ‘रडू नकोस’ म्हणणारी मी कोण? ‘बरं वाटत नाहीये का?’ हे तर दिसतच होतं. असं करता करता कुर्ला गेलं.

घाटकोपरला ती क्लिपावाली चढली. आमच्या गाडीला नेहमी असते. मोठ्या लोखंडी रिंगला क्लिपा, रबरं, टिकल्यांची पाकिटं, रुमाल, सगळं लटकवलेलं. ‘दस का दो, दस का दो’ म्हणत आत येत होती, मुलीपाशी आली आणि ओरडायची थांबली. पाकिटातला एक रुमाल ओढून काढला, तिच्या हातात कोंबला आणि विचारलं, ‘कुठे उतरणार?’

‘डोंबिवली.’

‘मग आत्तापासून दारात काय करतेस? आत ये. ठाण्याला लोंढा येतो.’

आणि तिला खांद्याला धरून आत, दोन सीटांच्या मधल्या जागेत घेतलं. स्वतः तिच्यापुढे उभी राहिली आणि ती मालाची रिंग अशी धरली की तिच्या आणि आमच्या मध्ये पडदाच झाला. ठाण्यापर्यंत ती बाई एक शब्द बोलली नाही, एक क्लिप विकली नाही. मुलगी पर्स चाचपायला लागली तेव्हा म्हणाली, ‘राहू दे, उद्या दे.’ ठाण्याला उतरून गेली.

मला शरम वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. मुलगी दारात उभी होती, पुढे मुंब्र्याच्या वळणावर गाडी कलते, हे मला बावीस वर्षं माहीत आहे. तिला आधी दारातून आत घ्यायला हवं हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण मी तिच्या दुःखाला शोभेल असं वाक्य शोधत बसले होते. त्या बाईने दुःखाचा विषयच काढला नाही.

मी लग्न होऊन कराडहून इथे आले तेव्हा पहिल्याच महिन्यात दादरला मला गाडीत शिरता येत नव्हतं. तीन गाड्या सोडल्या. एक काकू म्हणाल्या, ‘बॅग पुढे घे आणि माझ्या मागे चढ.’ त्या काकू पुन्हा कधी भेटल्या नाहीत, पण ते वाक्य मी नंतर किती जणींना सांगितलंय त्याची गणती नाही. म्हणजे चढायचं वाक्य माझ्याकडे आहे. बाकी वेळी मी गप्प होते.

मदत करावी का, हा माझा प्रश्नच नाही. तोंडातून पहिलं काय काढावं, हे मला कळत नाही. तुम्ही काय म्हणता? आणि तुम्हाला कुणी काय म्हटलं होतं जे बरं वाटलं?

परळची_सिस्टर

ताई, मी छत्तीस वर्षं परळच्या एका हॉस्पिटलात नर्स होते. आता रिटायर आहे. ‘काय झालं?’ हे पहिलं वाक्य कधीही म्हणायचं नाही, हे मी वॉर्डात शिकले. त्याचं उत्तर द्यायला माणसाला परत त्या गोष्टीतून जावं लागतं. ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नको’ एवढंच असेल असं विचारा. ‘पाणी देऊ?’ ‘बसता का?’ ‘कुणाला फोन लावून देऊ?’ मान हलवली तरी काम होतं.

तुम्ही परळच्या बाजूला आला असाल तर बघितलं असेल. केईएम, टाटा, वाडिया, सगळी एकमेकांना लागून. टाटाला कॅन्सरसाठी बंगाल, बिहार, आसाम, कुठून कुठून माणसं येतात. फुटपाथवर पिशव्या, स्टोव्ह, एक्स-रेचे मोठे लिफाफे. रस्त्यात कुणीतरी हातातली चिठ्ठी पुढे करतं, तिच्यावर बिल्डिंगचं नाव किंवा ओपीडीचा नंबर. तोंडी रस्ता सांगितला की ते मान डोलावतात आणि चुकीकडे वळतात, कारण त्यांना आपलं हिंदी कळलेलं नसतं आणि दुसऱ्यांदा विचारायचा संकोच असतो.

म्हणून मी म्हणते, ‘चला, मी तिकडेच चाललेय.’ बहुतेक वेळा मी तिकडे चाललेली नसते, भाजी घ्यायला निघालेली असते. पण ‘तुम्हाला सोडते’ म्हटलं की त्यांना ओझं होतं, सारखं ‘आपको तकलीफ’ म्हणतात. ‘तिकडेच चाललेय’ म्हटलं की आम्ही दोघं नुसते बरोबर चालतो. गेटपर्यंत सात-आठ मिनिटं लागतात. कुणी बोलतं, कुणी नाही. एकदा सिलचरकडचे एक आजोबा सगळा रस्ता मला त्यांच्या गावच्या तळ्यातल्या माशांबद्दल सांगत होते. पेशंटबद्दल एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही.

तुमची क्लिपावाली तेच करत होती. ‘राहू दे, उद्या दे.’ फुकट घे म्हणाली नाही, बघा.

पांढरी_काठी

मी हे फोनवर बोलून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मला दिसत नाही. ताईंनी विचारलंय की पहिलं काय म्हणावं, तर मी दुसऱ्या बाजूने सांगतो, म्हणजे ज्याला रोज मदत होते त्याच्या बाजूने.

मी दादर टीटीला बसस्टॉपवर उभा असतो. वर्षातून चार-पाच वेळा तरी असं होतं की कुणीतरी भला माणूस न बोलता माझा दंड पकडतो आणि मला रस्ता ओलांडून पलीकडे नेऊन सोडतो. मला पलीकडे जायचंच नसतं. मग मला परत यायला दुसरा माणूस शोधावा लागतो. त्या माणसांच्या मनात वाईट काही नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण अचानक कुणी ओढायला लागलं की पोटात गोळा येतो. तुम्हाला डोळे बांधून कुणी ओढलं तर कसं वाटेल तसं.

आता चांगलं सांगतो. माझ्या स्टॉपवर एक कॉलेजचा मुलगा यायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, ‘दादा, मी तुमच्या उजव्या हाताला उभा आहे. कुठली बस?’ या वाक्यात सगळं आहे. तो कुठे आहे ते मला कळलं, माझ्या अंगाला हात लावला नाही, आणि मला काय हवंय ते मीच सांगायचं होतं. बेस्टच्या बसवर पुढे नंबर मोठा लिहिलेला असतो, पण माझ्यासाठी तो कुणीतरी वाचला तरच असतो. तो मुलगा लांबूनच बस दिसली की नंबर म्हणायचा, माझी नसली तरी. त्यामुळे मला पुढची किती वेळाने येईल याचा अंदाज यायचा.

रस्ता ओलांडायचा असेल तर माझा हात धरू नका, तुमचं कोपर मला धरू द्या. तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. तुमचं कोपर खाली गेलं की मला कळतं पायरी आली. काठीला तर अजिबात हात लावू नका. स्टेशनवर आमच्या डब्याच्या जागी प्लॅटफॉर्मवर बीप वाजत असतो, त्या आवाजावर आम्ही डबा शोधतो, तर तिथे उभं राहून फोनवर मोठ्याने बोलू नका, ही पण मदतच आहे.

आणि एक. निघताना सांगून निघा. ‘येतो हं’ एवढंच. लोक हळूच निघून जातात, त्यांना वाटतं आभार मानायला लावू नये. मी बोलत राहतो आणि शेजारी कुणी नसतं.

रात्रपाळी

मी ठाण्यात राहते, कॉल सेंटरला होते तेव्हा पहाटे दोन-अडीचला स्टेशनवर उतरायचे. सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, पण एक बाजू राहिली. त्या वेळेला कुणी पुरुष ‘मदत करू का’ म्हणाला की आधी भीतीच वाटते, माणूस देवासारखा असला तरी. त्याने जवळ येणं हाच त्रास असतो.

एका रात्री पाऊस होता, रिक्षा एकही नव्हती. एक काका, हातात डब्याची पिशवी, चांगले वीस फुटांवर थांबले आणि मोठ्याने म्हणाले, ‘पोरी, मी या खांबाजवळ उभा आहे. तुला रिक्षा मिळाली की मी जाईन.’ आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. एकदाही वळून बघितलं नाही. रिक्षा आली तेव्हा तिचा नंबर मोठ्याने वाचला, मला ऐकू जाईल असा आणि रिक्षावाल्यालाही. पुरुषांनी रात्री मदत करायची तर अशी करा, लांबून आणि मोठ्याने.

सिंहगड_रोड

पुण्याहून लिहितोय. इथे रोज कुणीतरी दुचाकीवरून घसरलेलं दिसतं आणि भोवती तीस माणसं कोंडाळं करून उभी असतात. सगळ्यांना वाटतं कुणीतरी फोन केला असेल. कुणीच केलेला नसतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्यासमोर एक जण पडला. हेल्मेट होतं, पण पाय अडकला होता. मी एका माणसाकडे बोट करून म्हणालो, ‘निळा शर्ट, तुम्ही १०८ ला लावा.’ दुसऱ्याला म्हटलं, ‘मावशी, तुम्ही गाड्या थांबवा.’ नुसतं ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की कुणीच हलत नाही. माणूस ठरवून दिला की तो लगेच कामाला लागतो, आणि ती मावशी तर हातातली भाजीची पिशवी हलवत रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, पीएमपीची बस थांबवली तिने. सिस्टरताई वर म्हणतात पाणी विचारा, ते बरोबरच आहे, पण अपघातात जखमीला पाणी पाजू नका. गर्दीतून पहिली येते ती बाटलीच.

लोक मागे राहतात ते पोलिसांच्या भीतीने. नाव घेतील, साक्षीला बोलावतील. माझ्या वडिलांनी एकदा जखमीला नेलं होतं, तेव्हा त्यांना खरंच खेटे घालावे लागले होते, म्हणून घरातच ‘आपण नसत्या भानगडीत पडायचं नाही’ असं ऐकत मोठा झालो. पण आता तसं राहिलेलं नाही. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं सगळ्यांवर बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आलं. जखमीला दवाखान्यात पोचवलं तर नाव-पत्ता सांगायचा की नाही ही आपली मर्जी, कुणी सक्ती करू शकत नाही. हे मला ठाऊक होतं म्हणून त्या दिवशी पाय पुढे पडला. इथे एवढ्यासाठी लिहितोय की अजून कुणाचा तरी पडावा.

त्याच्या घरी फोन मीच लावला. पहिलं वाक्य काय म्हणालो सांगतो: ‘ते बोलतायत, शुद्धीवर आहेत.’ नाव, अपघात, दवाखाना, सगळं नंतर.

मुलुंड_पूर्व

मी सहसा नुसता वाचतो, पण हे वाचून राहवलं नाही.

२६ जुलै २००५, मंगळवारच होता. मी तेव्हा अंधेरीच्या सीप्झला कामाला होतो. सांताक्रूझला त्या दिवशी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. हे सांगण्याचं कारण असं की माझी बायको फोर्टमध्ये होती. गाड्या बंद झाल्या एवढंच तिला कळलं होतं, इकडे गळ्यापर्यंत पाणी आहे याची तिला कल्पनाच नव्हती. मुलगा चार वर्षांचा, मुलुंडला शेजाऱ्यांकडे.

संध्याकाळी मी चालत निघालो. पवईवरून खाली उतरून एलबीएस रोडला लागलो तेव्हा पूर्ण अंधार, लाईट गेलेले, मोबाईल लागत नव्हता. माणसांची नुसती रांग चाललेली. रस्त्याच्या कडेला पोरांनी खांबाला दोर बांधलेला, त्याला धरून पुढे सरकायचं. एक बाई चहा देत होती, एक जण पार्लेजीचे पुडे फोडून फोडून हातात देत होता. हे सगळं तुम्ही ऐकलं असेल.

भांडुपच्या अलीकडे एका चाळीच्या तोंडाशी एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा स्टुलावर बसला होता, मेणबत्ती आणि शाळेची वही घेऊन. मेणबत्तीवर त्याच्या बहिणीने छत्री धरलेली. तो प्रत्येकाला एकच विचारत होता, ‘काका, घरचा नंबर सांगा. आमचा लँडलाईन चालू आहे.’ मी शेजाऱ्यांचा नंबर सांगितला, त्याने लिहून घेतला आणि म्हणाला, ‘निरोप?’ मला काही सुचेना. तो म्हणाला, ‘सगळ्यांचा मी “भांडुपपर्यंत आलेत, ठीक आहेत” असा देतोय. चालेल?’

मी घरी पोचलो रात्री एक वाजता. शेजारच्या वहिनींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, ‘अहो, तुमचा निरोप मगाशीच आला. कुणी लहान मुलगा होता.’ मुलगा माझा जेवून झोपला होता.

त्या वहीत माझ्या नंबरच्या वर पान भरलेलं होतं आणि ते पहिलं पान नव्हतं. त्याचे आईवडील आत बसून एकेक नंबर फिरवत असणार. तो मुलगा आज तिशी ओलांडून गेला असेल. मी त्याचं नाव विचारलं नाही. त्यानेही माझं विचारलं नव्हतं, फक्त नंबर.

लेडीज_मिडल

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलुंडचे काका, तुमचं वाचून मी गाडीत रडले, आणि शेजारणीने मोबाईलमधून मान वर न काढता माझ्या मांडीवरची डब्याची पिशवी सरळ केली, पडत होती म्हणून. तेही इथे सांगावंसं वाटलं.

पांढरी_काठी दादा, ‘निघताना सांगून निघा’ हे मला कधीच सुचलं नसतं. मीही हळूच निघून जाणाऱ्यांपैकी होते. यापुढे नाही.

क्लिपावाली त्या दिवसानंतर दिसलेली नाही. तिची गाडी बदलली असेल, किंवा डबा. मी घाटकोपरला दाराकडे बघते. तिला काय म्हणणार ते ठरवलेलं नाही, रुमालाचं पाकीट घेईन एवढं नक्की.

मुलगी मात्र एकदा दिसली, डोंबिवलीच्या पुलावर, गर्दीत, पाठमोरी. हाक मारली नाही. तिला मी माहीतच नाही.

आणि काल कुर्ल्याला एक बाई चढली. कडेवर मूल, दुसऱ्या हातात मोठी पिशवी, तिचा एक बंद तुटलेला, म्हणून ती पिशवी पोटाशी आवळून धरलेली. मूल घसरत होतं. मी उभीच होते, देण्यासारखी सीट नव्हती. पूर्वी मी ‘अगंबाई, किती त्रास होतोय’ असलं काहीतरी मनात म्हटलं असतं. काल मी म्हटलं, ‘पिशवीची ही बाजू मी धरते, डोंबिवलीपर्यंत आहे मी.’

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसती पिशवीची बाजू माझ्याकडे सरकवली आणि मुलाला वर उचलून नीट घेतलं. आत बटाटे होते, चांगले पाच-सहा किलो. ठाण्यानंतरही मी ती धरलेलीच होती, कारण तीही डोंबिवलीचीच निघाली.